अंतराचा हिशेब : स्फोटके विभागाची सव्वाशे वर्षे

५ सप्टेंबर १८९८ रोजी हिंदुस्थान सरकारने स्फोटके विभाग स्थापन केला. आज तो पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्हज सेफ्टी ऑर्गनायझेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेले ‘पेसो’, या नावाने ओळखला जातो. स्वातंत्र्यानंतर मुख्यालय नागपुरात आले आणि इथेच रुजले. सेमिनरी हिल्सवरच्या केंद्र सरकारच्या संकुलात ही कचेरी आहे हे पुष्कळ नागपूरकरांना ठाऊक आहे. ती करते काय, असे विचारले तर मात्र उत्तर येते, “फटाक्यांचे लायसन देतात ना!” उत्तर चूक म्हणता येत नाही, पण फारच अपुरे आहे. घरातला गॅस सिलिंडर, नाक्यावरचा पेट्रोल पंप, रिक्षाची सीएनजी टाकी, रुग्णालयाबाहेरची द्रवरूप ऑक्सिजनची उभी टाकी, खाणीतले सुरुंग, विहिरीसाठी आणलेल्या जिलेटिनच्या कांड्या आणि लांबच लांब तेलवाहिन्या, या सगळ्यांच्या कागदपत्रांत कुठे ना कुठे या विभागाचा शिक्का असतो.

स्मरणिका समितीने या वाटचालीचा आढावा दशकवार मांडायला सांगितले. तसा तो पुढे मांडला आहे. मात्र सगळ्याच दशकांत सारखेच घडले नाही, त्यामुळे काही मथळ्यांखाली मजकूर जास्त आहे आणि काहींखाली थोडका.

स्थापनेपूर्वी (१८६०–१८९८)

बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला तो काळ्या बारुदीच्या जोरावर. सह्याद्रीच्या कातळात हाताने भोके पाडायची, त्यांत बारूद ठासायची, वात लावायची आणि पळायचे, अशी ती पद्धत. त्या काळी शस्त्रांसंबंधी कायदे होते, पण त्यांना चिंता होती बंडाची. बारुदीचे पिंप वस्तीपासून किती लांब ठेवावे, ते कोणत्या गाडीतून न्यावे, शेजारी काय असू नये, याची काळजी त्या कायद्यांच्या कक्षेत येत नव्हती.

१८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले आणि प्रश्नाचा आकारच बदलला. त्यानंतर सात वर्षांनी, २ ऑक्टोबर १८७४ रोजी, लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या कालव्यात ‘टिलबरी’ नावाच्या पडावाचा स्फोट झाला. पडावावर सुमारे पाच टन बारूद होती आणि तिच्याच सोबतीला खनिज तेलाची पिंपे होती. तेलाच्या वाफेने पेट घेतला आणि बारुदीने उरलेले काम केले. मेजर व्हिव्हियन मॅजेंडी या अधिकाऱ्याने चौकशी केली आणि पुढल्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्फोटकांचा कायदा झाला. स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थ एकाच कचेरीने सांभाळावेत ही आपल्या विभागाची रचना अनेकांना योगायोग वाटते. त्या पडावाची हकिगत वाचली की त्यामागचे तर्कशास्त्र कळते.

त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८८४ चा एक्स्प्लोझिव्हज ॲक्ट आला, अवघ्या १८ कलमांचा. त्याच्या व्याख्येत बारूद, नायट्रोग्लिसरीन, डायनामाइट आणि गनकॉटन यांच्याबरोबर शोभेची रंगीत दारूही बसवलेली होती. कायदा नेमका आणि आटोपशीर होता. बारीकसारीक तपशील नियमांवर सोपवले होते, म्हणूनच तो सव्वाशे वर्षांहून अधिक टिकला.

दुसरीकडे घराघरांत रॉकेल शिरत होते. तेलाचा धोका त्याच्या ज्वलनांकावर मोजतात, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ ठिणगी लागताच भडकते यावर. त्यासाठी सर फ्रेडरिक एबल यांनी बनवलेले उपकरण प्रमाण ठरले. भेसळीचे, हलके तेल कंदिलात भरले की कंदीलच फुटे. १८८६ आणि १८९९ च्या पेट्रोलियम कायद्यांनी या मापाला कायद्यात जागा दिली.

कायदे झाले, पण ते समजणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत कुठून आणायची? जिल्हाधिकारी परवाना देई आणि फौजदार कुलूप पाही. कोठाराच्या भिंतीची जाडी बरोबर आहे की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी १८९८ मध्ये विभाग उभा राहिला.

पहिली दोन दशके (१८९८–१९२०)

सुरुवातीला मूठभर निरीक्षक आणि कार्यक्षेत्र ब्रह्मदेशापासून सिंधपर्यंत. रेल्वे, बोट, टांगा, प्रसंगी घोडा असा प्रवास करून हे लोक कोठारे तपासत. त्यांच्या हाती सगळ्यात मोलाचे हत्यार होते ते अंतराचा तक्ता. स्फोटाच्या धक्क्याचा एक नियम आहे: सुरक्षित अंतर साठ्याच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. साठा आठपट केला तर अंतर दुप्पट ठेवावे लागते. भोवती मातीचा बांध घातला तर ते कमी करता येते. कोठारात ठिणगी न पाडणारी पितळी हत्यारे वापरायची, बुटाला लोखंडी खिळे चालत नाहीत, छपरावर वीजरोधक हवा आणि टोप्या, म्हणजे डिटोनेटर, कांड्यांसोबत कधीही ठेवायच्या नाहीत, हे शिस्तीचे पाठ याच काळात पक्के झाले. १९१४ च्या एक्स्प्लोझिव्हज रूल्समध्ये ते एकत्र आले.

या दशकांत विभागाच्या विषयाला राजकारणाचा स्पर्श झाला आणि त्यात महाराष्ट्र मध्यभागी होता. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब फुटला. ८ जूनला सरकारने घाईघाईने दोन कायदे केले: एक स्फोटक पदार्थांचा आणि दुसरा वृत्तपत्रांचा. दुसऱ्याच दिवशी, ९ जूनच्या ‘केसरी’त, लोकमान्य टिळकांनी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा लेख लिहिला. २४ जूनला त्यांना अटक झाली. घराच्या झडतीत स्फोटकांवरच्या दोन इंग्रजी ग्रंथांची नावे लिहिलेले एक कार्ड सापडले आणि सरकार पक्षाने त्याचे बरेच भांडवल केले. टिळकांचे उत्तर साधे होते: नव्या कायद्यातली स्फोटकाची व्याख्या फार ऐसपैस आहे, तिच्यावर टीका करायची म्हणून पुस्तके पाहायची होती. खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली ती झालीच. व्याख्या किती ऐसपैस असावी हा त्यांचा प्रश्न मात्र तांत्रिकदृष्ट्या रास्त होता. पुढे शंभर वर्षे विभागाला तो वेगवेगळ्या रूपांत सोडवत बसावे लागले.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण वर्तमानपत्रांतही गल्लत होते. १८८४ चा कायदा परवान्याचा आहे: कोणी बनवावे, कुठे ठेवावे, कसे न्यावे. १९०८ चा कायदा गुन्ह्याचा आहे आणि त्याचा अंमल पोलीस करतात. विभाग मुख्यतः पहिल्याचा. दुसऱ्यात त्याला बोलावले जाते ते जाणकार म्हणून.

१९२० आणि १९३० ची दशके

मोटारी वाढल्या. आधी पेट्रोल डब्यांतून विकले जाई, पुढे जमिनीखालच्या टाकीवर बसवलेला पंप आला. १९३४ चा पेट्रोलियम ॲक्ट आणि १९३७ चे नियम हे या बदलाला दिलेले उत्तर. तेलाचे ज्वलनांकानुसार वर्ग पाडण्याची पद्धत पुढे अधिक रेखीव झाली आणि आज ती अशी आहे: २३ अंश सेल्सियसच्या खाली ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ ‘ब’, ६५ ते ९३ ‘क’. पेट्रोल ‘अ’ मध्ये आणि डिझेल ‘ब’ मध्ये येते. ‘ब’ वर्गाचे तेल २,५०० लिटरपर्यंत, मात्र कोणतेही एक भांडे १,००० लिटरहून मोठे नसेल तर, विनापरवाना ठेवता येते. पेट्रोलला ही सूट जेमतेम ३० लिटरची, तीही विक्रीसाठी नसेल तर. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर डिझेलचे पिंप कायदेशीरपणे उभे असते ते या सवलतीमुळे.

याच दशकात, सप्टेंबर १९३८ मध्ये, एका अधिसूचनेने धातूच्या पात्रात दाबून भरलेला वायू ‘स्फोटक’ मानला गेला. पुढे १९४० मध्ये गॅस सिलिंडर रूल्स आले. तेव्हा सिलिंडर असे ते वेल्डिंगच्या कारखान्यात किंवा रुग्णालयात. आज कोट्यवधी स्वयंपाकघरांत गृहिणी कायद्याने स्फोटक ठरलेली वस्तू शेगडीजवळ ठेवून निर्धास्त पोळ्या लाटते, त्या निर्धास्तपणाची मुळे या कोरड्या अधिसूचनेत आहेत. ॲसिटिलीन ज्यापासून होतो त्या कॅल्शियम कार्बाइडचेही नियम १९३७ चेच. कार्बाइडची पुडी आंब्याच्या अढीत ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांना अन्नाच्या कायद्याने मनाई आहे हे ठाऊक असते, पण आपण ज्वालाग्राही माल हाताळतो आहोत हे सहसा माहीत नसते.

१९४० चे दशक

या दशकातल्या एका तारखेपाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही: १४ एप्रिल १९४४.

‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यावर सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, वर सोन्याच्या विटा. कराचीत त्यात कापसाच्या हजारो गासड्या, लाकूड आणि वंगणतेलाची पिंपे चढवली गेली. कप्तानाने कुरकुर केली, पण लढाईच्या दिवसांत रिकामी जागा कोण सोडतो? दोन नंबरच्या फाळक्यात खाली कापूस आणि वर स्फोटके अशी मांडणी झाली. स्फोटकांचे जहाज गोदीत न आणता बाहेर समुद्रात उभे करून तराफ्यांवर माल उतरवायचा, ही शांततेच्या काळातली वहिवाट. युद्धाच्या निकडीपुढे ती सैल झाली होती. धोक्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाणही लागले नव्हते. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. पेटलेला कापूस मशीद बंदर, मांडवीवर बरसला. अधिकृत आकड्यांप्रमाणेच आठशेच्या वर माणसे गेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ.

लष्करी दारूगोळ्यावर विभागाचा अंमल नव्हता आणि आजही नाही, कायदाच सैन्यदलांना बाजूला ठेवतो. तरीही या घटनेचा विभागाच्या विचारपद्धतीवर खोल परिणाम झाला असे मला वाटते. ‘टिलबरी’ पडावावर बारूद आणि तेल, इथे स्फोटके आणि कापूस. सत्तर वर्षांच्या अंतराने तीच चूक सुमारे २८० पट मोठ्या प्रमाणात घडली होती. कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवायचा नाही याचे तक्ते आजच्या नियमांत इतके कठोर आहेत की नवख्या कारकुनाला ते अतिरेकी वाटतात. जुने अधिकारी अशा वेळी फक्त “व्हिक्टोरिया डॉक” एवढेच म्हणत.

१९५० चे दशक

स्वराज्यात धरणे, खाणी, पोलाद कारखाने निघाले आणि सुरुंगांची मागणी कैक पटींनी वाढली. तोवर व्यापारी स्फोटके परदेशातून येत. १९५८ मध्ये तेव्हाच्या बिहारात गोमिया इथे देशातला पहिला मोठा कारखाना सुरू झाला. तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ मध्ये पाठोपाठ दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. बंदरात बोटी तपासणारा विभाग आता कारखान्यांच्या आराखड्यांवर बसून खल करू लागला.

१९५२ च्या इन्फ्लेमेबल सब्स्टन्सेस ॲक्टमध्ये एक अनपेक्षित नाव आहे: नायट्रोसेल्युलोजवरची सिनेमाची फिल्म. गनकॉटनची ही चुलत बहीण एकदा पेटली की पाणी मारूनही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. विभागाचे निरीक्षक थिएटरवाल्यांच्या आणि वितरकांच्या गोदामांत डोकावत ते या कारणाने. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठीत ठेवलेल्या अशा शेकडो चित्रपटांची रिळे जळाली आणि बोलपटापूर्वीचा आपला कितीतरी ठेवा गेला. पन्नास वर्षांपूर्वीचा तो रटाळ वाटणारा कायदा कशासाठी होता, हे त्या दिवशी चित्रपटवेड्यांनाही कळले.

१९६० आणि १९७० ची दशके

हे विस्ताराचे दिवस. हैदराबादला डिटोनेटरचा कारखाना निघाला आणि स्वयंपाकाचा गॅस शहरांबाहेर पोहोचू लागला. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत विभागाचे टाइपरायटर दिवसभर खडखडत. अमरावती रस्त्यावर गोंडखैरीला विभागाचे स्वतःचे चाचणी केंद्र आहे. तिथे नमुन्यावर ठरावीक उंचीवरून वजन पाडणे, त्याला घासून पाहणे, तापवून पाहणे अशा परीक्षा होतात. पदार्थ किती धक्का सोसतो ते कळल्याशिवाय त्याला बाजारात जायची मुभा नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या दशकांचा खरा इतिहास विहिरींचा आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर गावोगाव विहिरी खोदल्या, खोल केल्या गेल्या. दख्खनचा काळा पाषाण टिकावाला दाद देत नाही. कंप्रेसरने भोके पाडायची, कांडी आणि टोपी भरायची, वरून ‘सुरुंगऽऽ’ अशी आरोळी ठोकायची आणि दोर ओढून वर यायचे. पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे काम करणाऱ्या वडार समाजातल्या कारागिरांचा यात मोठा हात होता. अपघात बहुतेक होत ते न फुटलेल्या सुरुंगामुळे. भोकात राहिलेल्या टोपीवर पुन्हा पहार बसली की हात, डोळे जात. सुरुंग लावणाऱ्याकडे शॉट फायररचा परवाना हवा, उरलेला माल घरी न नेता कोठारात परत जमा करायचा, वापराचा हिशेब वहीत मांडायचा, या नियमांची अंमलबजावणी कागदावर सोपी आणि माळरानावर फार अवघड होती. तहसील कचेऱ्या, पोलीस ठाणी आणि विभागाचे थोडेसे अधिकारी यांनी मिळून जेवढे साधले तेवढे साधले. कुठल्या खेड्यात पलंगाखाली कांड्यांचा खोका सापडला नसेल असे छातीठोकपणे कोणी सांगू नये.

१९७६ मध्ये पेट्रोलियमचे नवे नियम आले. १९७८ मध्ये मूळ कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ‘मुख्य निरीक्षक’ हे पद ‘मुख्य नियंत्रक’ झाले.

१९८० चे दशक

१९८१ मध्ये सिलिंडरचे आणि दाबपात्रांचे नवे नियम, १९८३ मध्ये स्फोटकांचे, १९८७ मध्ये कार्बाइडचे. नियमांचे इतके पीक दुसऱ्या कुठल्याच दशकात आले नाही. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडातला विषारी वायू विभागाच्या कक्षेतला नव्हता. पण त्यानंतर १९८६ चा पर्यावरण कायदा आणि १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले, त्यांत काही जबाबदाऱ्या विभागाकडे सोपवल्या गेल्या. तेल उद्योगासाठी १९८६ मध्ये वेगळे सुरक्षा संचालनालय निघाले, खाणींसाठी तर आधीपासूनच स्वतंत्र महासंचालनालय होते. कोणाची हद्द कुठे संपते यावर या संस्थांमध्ये वेळोवेळी विचारविनिमय झाला, एवढे म्हटले म्हणजे पुरे. जुबिलीच्या पानांत तो पत्रव्यवहार उकलण्याचे कारण नाही.

१९९० चे दशक

कोकण रेल्वेचे ९० हून अधिक बोगदे, त्यांत करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, याच दशकातले. १३ मार्च १९९९ रोजी कोयना जलाशयात लेक टॅपिंग झाले: पाण्याखालचा खडकाचा बूच सुरुंगाने उडवून धरणाचे पाणी थेट बोगद्यात घेतले गेले. स्फोटकांचा असा नेमका आणि विधायक वापर पाहिला म्हणजे या पदार्थांबद्दल नुसती भीती बाळगणे किती एकांगी आहे ते कळते.

दुसरी बाजूही याच दशकाची. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या साखळी स्फोटांत वापरलेले आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर चोरून उतरवलेले होते. परवान्याच्या वह्यांत त्याची नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता. सुरक्षिततेसाठी बनलेल्या विभागाकडून लोक बंदोबस्ताचीही अपेक्षा करू लागले ती तेव्हापासून. सप्टेंबर १९९७ मध्ये विशाखापट्टणमच्या शुद्धीकरण कारखान्यात गॅसचा भीषण स्फोट झाला आणि मोठ्या साठ्यांच्या टाक्या मातीत गाडून ठेवण्याच्या पद्धतीकडे सर्वांचे लक्ष वळले.

ऑक्टोबर १९९९ मध्ये फटाक्यांच्या आवाजाला मर्यादा आली: फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. गणपती आणि दिवाळीच्या सुमारास नागपूर-पुण्याच्या पत्रकारांचे विभागाला फोन सुरू झाले ते आजतागायत.

२००० चे दशक

या दशकातला सर्वांत धाडसी निर्णय म्हणजे १ एप्रिल २००४ पासून नायट्रोग्लिसरीनयुक्त स्फोटके बंद करणे. ज्या पदार्थापासून नोबेलची सारी कथा सुरू झाली तोच बाजारातून गेला. त्याची जागा पाणी असलेल्या स्लरी आणि इमल्शनने घेतली. ती धक्क्याने सहसा फुटत नाहीत. मोठ्या खाणींत तर घटक पदार्थ टँकरमधून नेतात आणि भोकाच्या तोंडाशीच त्यांचे मिश्रण होते. म्हणजे रस्त्यावरून स्फोटक जातच नाही. कामगारांची डोकेदुखीही गेली, अगदी शब्दशः: नायट्रोग्लिसरीनच्या वाफेने डोके ठणकत असे.

२००८ चे एक्स्प्लोझिव्हज रूल्स सध्या लागू आहेत. दिवाळीत मैदानावर लागणाऱ्या फटाक्यांच्या दुकानांचे नियम त्यांतच मिळतात. दोन दुकानांत किमान ३ मीटर आणि वस्ती वगैरेंपासून ५० मीटर अंतर हवे, दुकाने समोरासमोर नकोत आणि एका ठिकाणी ५० हून जास्त नकोत. ऑक्टोबर २००९ मध्ये जयपूरच्या तेल डेपोत गळतीतून पसरलेल्या पेट्रोलच्या वाफेने पेट घेतला आणि ११ जण दगावले. विभागाला ‘पेसो’ हे नाव मिळाले तेही या काळात.

२०१० चे दशक

अमोनियम नायट्रेट हे खत आहे की स्फोटक? टिळकांनी काढलेला व्याख्येचा प्रश्न इथे नव्या रूपात उभा राहिला. खाणींना ते हवेच, काही खतांतही त्याचा अंश असतो, आणि बाँब बनवणाऱ्यांनाही ते सोपे. १३ जुलै २०११ रोजी मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादरला स्फोट झाले. २१ जुलैला अधिसूचना निघाली: ४५ टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेले मिश्रण यापुढे स्फोटक. २०१२ मध्ये त्याचे स्वतंत्र नियम झाले. बंदरातून निघालेले प्रत्येक पोते कोणत्या परवानाधारकाकडे गेले याची नोंद ठेवणे, गोदामांना परवाने देणे, हा सगळा व्याप विभागाच्या माणसांनी फारशी कुमक न मिळता उचलला. मुख्यालयातले रसायनतज्ज्ञ, विभागीय कचेऱ्यांतले नियंत्रक, लघुलेखक, चालक, गोंडखैरीचे प्रयोगशाळा सहायक यांची नावे इथे देत नाही, कारण कोणते गाळावे हा प्रश्न पडतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या पेटलावदला भर वस्तीत बेकायदा साठवलेल्या जिलेटिनचा स्फोट होऊन कित्येक बळी गेले. माल विहिरी खोदण्यासाठीचाच होता. एप्रिल २०१६ मध्ये केरळात पुट्टिंगल मंदिराच्या आतषबाजीत शंभराहून अधिक माणसे मेली. आतषबाजीला जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती. नियम नव्हते असे दोन्ही ठिकाणी म्हणता येणार नाही. साठा होता आणि अंतर नव्हते.

२३ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांचा आग्रह धरला. त्यांची सूत्रे नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली आणि मंजुरी देण्याची जबाबदारी ‘पेसो’कडे आली. शिवकाशीच्या कारखानदारांना अशा रीतीने दोन्ही कामांसाठी ऑरेंज सिटी गाठावी लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात डिझेल घरपोच देणारी गाडी धावली. चालता-फिरता पंप रस्त्यावर येणार म्हटल्यावर मान्यतेसाठी कागद इथेच आला.

२०२० नंतर आणि आज

४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. आपल्याकडेही चेन्नईजवळ जप्तीचा सुमारे ७०० टन साठा पडून होता. तो तातडीने हलवला गेला आणि २०२१ मध्ये नियमांना आणखी चाप बसला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत देशाला ऑक्सिजन हवा होता आणि तो वाहून न्यायला टँकर नव्हते. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर राहतो, साधी टाकी त्याला चालत नाही. नायट्रोजन आणि आर्गनचे टँकर त्यासाठी बदलून वापरायला विभागाने मंजुरी दिली. एरवी जे कागद आठवड्यांनी हलत ते रात्रीतून हलले. ही घाई आंधळी नव्हती: टाकी आतून पूर्ण स्वच्छ हवी, तेलाचा थेंब राहिला तरी शुद्ध ऑक्सिजनमध्ये तो पेट घेऊ शकतो, ही अट कुणी सोडली नाही. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून झालेल्या गळतीने रुग्णांचे प्राण गेले आणि या उभ्या पांढऱ्या टाक्यांची देखभाल हा साऱ्या राज्याच्या काळजीचा विषय झाला.

आज मुख्यालयाखाली नवी मुंबई, कोलकाता, चेन्नई, फरिदाबाद आणि आग्रा इथे विभागीय कचेऱ्या आहेत. बहुतेक परवाने ऑनलाइन मिळतात. सिलिंडरच्या मुठीखालच्या पट्टीवर इंग्रजी ए ते डी पैकी एक अक्षर आणि वर्ष रंगवलेले असते, ती पुढच्या चाचणीची तिमाही. वाहनातल्या सीएनजी टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. ती चुकवणाऱ्या रिक्षावाल्याला पंपावर गॅस नाकारला की तो विभागाला शिव्या देतो, हे आमच्या मंडळींनी मनाला लावून घेऊ नये.

खरी अडचण शहरांची आहे. कोठार बांधताना माळ मोकळा असतो. वीस वर्षांनी त्याच्या कुंपणाला लेआउट येऊन भिडतो आणि नोटीस जाते ती कोठारवाल्याला. पेट्रोल पंपांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये शाळा, रुग्णालये आणि वस्तीपासून ५० मीटरची अट घातली. जागेची अडचण असेल तर ३० मीटर, मात्र ‘पेसो’ने सांगितलेले जादा उपाय करून. दर चौरस फुटाचा भाव पाहता हे २० मीटर कोणाच्या खिशातून जाणार, यावर प्रत्येक जिल्ह्यात वाद आहे. परवाना देणारे विभाग आणि बांधकामाला मंजुरी देणाऱ्या महापालिका यांच्या नकाशांची सांगड घातली गेली तर निम्मे तंटे मिटतील असे मला वाटते. ही सूचना स्मरणिकेत कितपत शोभते ते समितीने ठरवावे.

आता हायड्रोजन दारात आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच पेटते, हायड्रोजन ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत केव्हाही पेटतो. त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. वाहनांत तो ३५० ते ७०० बार दाबाने भरतात, म्हणजे सीएनजीच्या जवळजवळ दुप्पट ते साडेतीनपट. दुसरीकडे तो हवेहून फार हलका असल्याने उघड्यावर चटकन वर निघून जातो, पेट्रोलच्या वाफेसारखा जमिनीवर रेंगाळत नाही. त्यामुळे जुने तक्ते त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. भरणा केंद्राच्या छताला वरून मोकळीक किती ठेवायची, शेजारच्या भिंतीपासून किती मीटर सोडायचे, कार्बन तंतूंच्या टाकीचे आयुष्य किती धरायचे, हे प्रश्न सेमिनरी हिल्सवरच्या टेबलांवर येऊन पडले आहेत आणि विभागातले तरुण अभियंते त्यांवर काम करत आहेत.